कोबेच्या तळघरात समजूत काढायला

पारनेरच्या स्टँडवर मी पहिली एसटी सोडली. दुसरीही सोडली. गाड्या नगरच्याच होत्या, जागा होती, तिकिटापुरते पैसे होते, तरी पाय उचलेना. तिसऱ्या गाडीच्या कंडक्टरने दारातून डोकं बाहेर काढून विचारलं, "ओ पाव्हणं, ही बी सोडताय का? का स्टँडची राखण मिळालीय तुमाला?" बाकड्यावरची माणसं हसली. मी पिशवी उचलली आणि चढलो. गावाकडचा रस्ता दिसेनासा होईपर्यंत मान वळवून बघत होतो. त्या रस्त्याने सायकलवरून, बैलगाडीतून, पायी, कोणीही येत नव्हतं.

अण्णा, तुम्ही थोरले भाऊ, हे मी तुमच्यासाठी लिहितो आहे. माझ्यासारखे जे रागाने बाहेर पडले आणि दूरच राहिले, त्यांनीही वाचावं. त्या दिवशी मी कोणाची वाट बघत होतो ते तुम्हाला चांगलं ठाऊक आहे.

आपल्याकडे रुसून निघालेल्या माणसाला असं जाऊ देत नाहीत. मामा, चुलता, नाहीतर भावकीतला एखादा म्हातारा मागोमाग येतो. हातातली पिशवी काढून घेतो. "चल, पुरं झालं आता," म्हणतो. निघालेला थोडे आढेवेढे घेतो आणि परत फिरतो. आणि तो परगावी जाऊन बसला असेल, तर न्यायला आलेला माणूस तिथे पाण्याला शिवत नाही. "आदी शबुद दे, मंग पानी घेतो." उन्हातून आलेला वडीलधारा कोरड्या घशाने बसलाय हे बघून भलेभले विरघळतात. आपल्या मामांनी अशी किती माणसं परत आणली! मलाच आणायला त्यांना कोणी पाठवलं नाही.

भांडण कशावरून झालं? बैलांवरून. आबांनी शेजारगावच्या एका शेतकऱ्याला आपली जोडी देण्याचा शब्द दिला होता, ते मला माहीत होतं. पण बाजारात एक व्यापारी आला. भाव बोलायला उपरण्याखाली त्याने माझी बोटं धरली, मी त्याची धरली, आणि आबांनी ठरवलेल्या भावाच्या कितीतरी वर मी त्याला चढवला. एकोणीस वर्षांचा होतो. वाटलं, आबा पाठीवर थाप मारतील. त्यांनी व्यापाऱ्याचे पैसे परत केले आणि भर बाजारात म्हणाले, "माझ्या शब्दाला तू बाजारात नागडं केलंस. आता बाजारातच ऱ्हा. घरी यायचं काम न्हाई." चांगला भाव आणला म्हणून घराबाहेर काढलेला दुसरा मुलगा मला अजून भेटलेला नाही.

मग मी बाजारातच राहिलो. मुंबईत कापडाच्या पेढीवर गठ्ठे बांधले, नमुने दाखवले, शेठच्या आधी गिऱ्हाईक ओळखायला शिकलो. शेठने जपानी जॉर्जेटच्या खरेदीसाठी कोबेला पाठवलं. पाच वर्षांत तिथे माझं स्वतःचं टेबल झालं, मग स्वतःची पाटी. माझी जपानी भाषा रोजच्या बोलण्यापुरती, बाकी सगळी सौद्याची: महाग, स्वस्त, उशीर, रंग उतरला, एवढ्यात नाही जमत. बंदरालगतच्या त्या गावात 'इंडियन फार घासाघीस करतो' असं म्हणत आणि माझ्याशी व्यवहारही करत.

नाकाता-सान हे त्यातले सगळ्यात चिवट. त्यांचा छपाईचा कारखाना होता. आमची एका-एका रंगावरून तास तास भांडणं चालत. मी टेबलावर हात आपटायचो, ते मणी सरकवून हिशेब करायची त्यांची पाटी शांतपणे पुढे ढकलायचे. असा माणूस एक दिवस नमुने बाजूला ठेवून मला म्हणाला, "तुम्ही कोणालाही खाली आणता. माझ्या मुलाला घरी आणा."

अकिरा हा त्यांचा एकुलता एक. कॉलेज सोडून, केस खांद्याखाली वाढवून, रॉक वाजवणाऱ्या पोरांत राहायला गेला होता. बाप-लेकांत दीड वर्ष बोलणं नव्हतं. नातेवाइकाला पाठवावं तर गावभर होणार. परदेशी माणूस बरा. मी तोंडाने "बघतो" म्हणालो, पण छाती भरून आली होती. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी मामांच्या जागी पाठवत होतं.

रविवारी दुपारी त्या पोरांचा कार्यक्रम होता. नूडल्सच्या दुकानाखालचं तळघर. वर कॉफी हाउस अशी पाटी, खाली अरुंद जिना, भिंतीवर हाताने रंगवलेले कागद. आत आपल्या देवळाच्या सभामंडपाएवढी जागा आणि तीस-चाळीस पोरंपोरी गुडघे पोटाशी घेऊन जमिनीवर बसलेली. सूट घातलेला मी एकटा. वाद्यं सुरू झाली आणि मी दचकून भिंतीला टेकलो. यात्रेत हलगीवाले कानाशी येऊन कडाडतात तेव्हा छातीत जसं होतं तसं, पण हे थांबेचना. आणि नवल म्हणजे ऐकणारे गप्प! शिट्टी नाही, टोपी उडवणं नाही, "वाहवा रे पठ्ठ्या" नाही. माना तेवढ्या हलत होत्या. गाणं संपलं की थोड्या टाळ्या, पुन्हा शांतता. आपल्याकडे असं ऐकलं तर कलावंत निघून जाईल.

तिकिटात एक पेय होतं. एका मुलीने बर्फ घातलेलं संत्र्याचं सरबत आणून माझ्यापुढे ठेवलं. मी ग्लासवर हात आडवा धरला. मी समजूत काढायला आलो होतो. शब्द मिळेपर्यंत घोट घ्यायचा नव्हता. तिला वाटलं, ग्लास स्वच्छ नाही. लाजून वाकली, आत जाऊन धुऊन आणला. मी पुन्हा हात आडवा केला. मग चहा आला. मग साधं पाणी आलं. तळघरात उकडत होतं, जिभेला कोरड पडली होती, समोर ग्लासांची रांग लागली होती आणि ती पोरगी रडवेली झाली होती.

मध्यंतरात अकिरा येऊन माझ्यासमोर गुडघ्यांवर बसला. घामाने केस गालाला चिकटलेले. त्याने नम्रपणे विचारलं, "इथलं तुम्हाला काही चालत नाही का?"

"सगळं चालतं. तू घरी येतो म्हण, मग पितो."

त्याने ते बाकीच्यांना सांगितलं. क्षणभर सगळे चक्रावले. मग ढोल वाजवणारा जाडा पोरगा म्हणाला, "मग काका इथेच वाळणार. मागच्या महिन्यात कुंडीतला एक फर्न असाच वाळला." सगळे हसले, अकिराही हसला. मलाही हसू आलं असतं, पण मी चेहरा सौद्याचा ठेवला.

मी तयारी करून गेलो होतो. आईचं नाव काढायचं, बापाच्या तब्येतीचं थोडं वाढवून सांगायचं, शेवटी आठवड्यातून दोन दिवस वाजवायची मोकळीक मिळवून देतो म्हणायचं. पण अकिराने पहिलाच प्रश्न विचारला, "वडिलांनी तुम्हाला का पाठवलं? ते स्वतः का नाही आले?"

आणि माझं डोकं फिरलं. इतक्या वर्षांत मुंबईत, कोबेत, कोणापुढे न आलेली भाषा तोंडातून बाहेर पडली. "आरं, मानूस तर धाडला ना तुज्या बापानं! माज्या बापानं कुत्रं सुदीक न्हाई धाडलं! कुत्रं सुदीक!"

अकिरा हळूच म्हणाला, "काय म्हणालात? मला कळलं नाही."

सांगता येईना. महाग, स्वस्त, उशीर, रंग उतरला: यातलं कुठलं वापरू? मी मान हलवली. तो वाकून नमस्कार करून वाजवायला गेला.

दुसऱ्या भागात त्याने एकट्याने एक गाणं म्हटलं. त्यातला 'आई' एवढा एकच शब्द मला ओळखू आला. मी त्याच्याकडे बघत होतो, जसा मी गिऱ्हाइकाकडे बघतो, कुठे नरम पडतो ते शोधत. हळूहळू ध्यानात आलं, की हा पोरगा जिन्याकडे एकदाही बघत नाही. मी त्या दिवशी स्टँडवर डोळे फुटेपर्यंत रस्त्याकडे बघत होतो. हा कोणाची वाट बघत नव्हता. हा रुसलेलाच नव्हता, आणि न रुसलेल्याची समजूत काय काढणार? तो आपल्या जागी होता. रुसून बसलेला त्या तळघरात मी एकटाच होतो.

मी ग्लास उचलला. बर्फ वितळून सरबत पांचट झालं होतं. सगळं प्यायलो. मग पाणीही प्यायलो. ती मुलगी तोंडावर हात धरून हसली; तिला वाटलं, मी हरलो. खरंच होतं ते. समोरच्याने काहीही न देता मी सोडलेला तो एकच सौदा.

दुसऱ्या दिवशी नाकाता-सानना सांगितलं, "येत नाही." ते बराच वेळ मणी इकडचे तिकडे करत राहिले. मग विचारलं, "नीट जेवतो का? बारीक झालाय?"

मी टेबलावर असा हात मारला की त्यांची पाटी खाली पडली. "मला काय विचारता? मी बाप आहे का त्याचा? स्वतः जा! आणायला जाऊ नका. नुसते जा आणि बसा!"

तिथे असं कोणी बोलत नाही. मी धरून चाललो, की हा व्यवहार संपला. पण पुढच्या कार्यक्रमाच्या दिवशी ते माझ्या दारात उभे होते. अंगात सूट, हातात रुमालात बांधलेली नासपतीची पेटी. एकट्याने जिना उतरायचं धाडस होत नव्हतं. तळघराच्या दाराशी मला म्हणाले, "तुम्ही पुढे व्हा."

"नाही. तुम्ही."

भिंतीला हात धरत, एक एक पायरी करत ते खाली गेले. मी वर रस्त्यावरच थांबलो. खालचा ठोका फरशीतून माझ्या बुटांत येत होता. संध्याकाळी पोरं बाहेर पडली, बोलत, हसत. नाकाता-सान मात्र वर आले नाहीत. ते अजून खालीच आहेत एवढी खात्री करून मी निघालो आणि बंदरापर्यंत चालत गेलो. तिथे एका भिंतीआड उभा राहून रडलो. आनंदाने नव्हे, अण्णा. खोटं कशाला लिहू? जळफळाटाने रडलो.

कारण त्याच साली आपल्याकडे दुष्काळ होता. तुम्ही सगळे, आबासुद्धा, कामावर खडी फोडायला जात होतात, हे मला मुंबईच्या पेढीतल्या एका पारनेरकराच्या पत्रातून कळलं. तुमच्याकडून नाही. मी पेढीमार्फत पैसे पाठवले, ते परत आले. परत पाठवताना सोबत चार शब्दही नव्हते. मी म्हटलं, म्हातारा अजून शब्दाला धरून आहे, तर मीही आहे. बघू कोण आधी खाली येतो.

तो आला नाही. तुमचं पत्र आलं: आबा गेले, दहावं-तेरावं उरकलं, येण्याची घाई करू नये. घाई करू नये! ते पत्र हातात घेऊन मी दुकानात एकट्याने ओरडत होतो. तुमच्यावर, आबांवर, आईवरसुद्धा. आईला तरी मामांना माझ्यामागे जायला गुपचूप सांगता आलं असतं. ती तेव्हा चुलीपाशी काय करत बसली होती, हे मला आजही कळत नाही.

माझ्यासारखे बाहेर पडलेले लोक घराविषयी बोलताना अंगण, विहीर, भाकरीचा वास असं काहीबाही बोलतात. माझं तसं नाही. भाकरी मी इथेही भाजून खातो. मला घर म्हणजे एवढंच कळतं, की तुम्ही निघालात तर तिथून कोणीतरी पाठोपाठ निघतं. नाकाता-सान ज्या दिवशी जिना उतरले त्या दिवशी अकिराचं घर त्या तळघरात आलं. माझं कुठे आहे ते मला सांगता येत नाही. जमिनीचा तुकडा पारनेर तालुक्यात आहे, पाटी कोबेत आहे.

आबा समोर होते तोवर भाव धरून ठेवण्यात अर्थ होता. आता ज्याच्याकडून घ्यायचं होतं तो माणूसच बाजारातून उठून गेला. मी आजवर कोणाला माझा शेवटचा भाव आधी सांगितलेला नाही. तुम्हाला सांगतो. मामांना पाठवू नका, त्यांचे गुडघे गेलेत म्हणे. शेतातला वाटा नको, घरातली खोली नको, येण्याजाण्याचा खर्च माझा. आबा चुकले असं कोणी म्हणायलाही नको. वर्षश्राद्धाला ये, एवढं लिहा. वहिनींकडून लिहवून घेतलंत तरी चालेल. मी आढेवेढे घेणार नाही.