सिरियस आहेत, निघा

आमच्याकडं माणूस गेलं असं फोनवर कुणी सांगत नाही. घरच्या माणसाला तर नाहीच नाही. "सिरियस आहेत, निघा," एवढंच सांगायचं. मग ते माणूस गाडीत बसणार, घाट चढणार, गावात पोचणार, आणि दारात बायका जमलेल्या दिसल्या की त्याला कळणार. शिकलेली पोरं म्हणतात, काकी, हा काय खोटारडेपणा! अरे बाबांनो, गाडीत बसलेल्याला काय कळत नसतं का? सगळं कळत असतं. पण तोंडानं कुणी म्हटलेलं नसतं ना, तोवर आपलं माणूस जितं असतं. घणसोलीपासून पाटणपर्यंत तेवढा वेळ तरी मिळतो.

हे खोटं रणजीतइतकं चांगलं कुणालाच बोलता येत नव्हतं. माझ्या शेजारच्या खोलीत वाढलेला पोरगा. त्याचा बाप आणि आमचे मालक, हौसेराव, दोघं तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात जन्मभर पाठीवर गोण्या वाहायचे. रणजीत शिकला आणि न्हावा शेव्याला एका कंटेनर यार्डात कारकून लागला. पण आमच्या माथाडी वसाहतीत कुणाच्या घरी गावाकडून तसला फोन यायचा असला, की गाववाले आधी रणजीतला गाठायचे. तो गाडी ठरवायचा. घरात जाऊन शांतपणे सांगायचा, "ताप उतरत नाही म्हणतायत, कराडला ॲडमिट केलंय, बघून येऊ." आवाज चढवायचा नाही, पाडायचा नाही. मग शेजारी बसून गावापर्यंत जायचा. वाटेत चहा पाजायचा, मधेच फोन कानाला लावून "सलाईन लावली का?" असं उगाच विचारायचा. पलीकडं कुणी नसायचंच. यार्डातला साहेब म्हणायचा, "तुला एकूण काका आहेत तरी किती रे?"

असं पोरगं. आणि त्याला कुठून बुद्धी सुचली देव जाणे, त्यानं 'गावकी' काढली.

आधी व्हॉट्सॲपचा ग्रुप होता. मग फोनवर ॲप आलं. आमच्या भागातली माणसं घणसोली, कोपरखैरणे, नेरूळ, कुठं कुठं पसरलेली; त्या सगळ्यांना गावाची खबर एका जागी मिळावी, असा त्याचा विचार. विचार चांगलाच होता, मी नाही कशाला म्हणू? यात्रा कधी, घाटातली दरड काढली का, कुणाच्या पोरीला स्थळ बघतायत, हे सगळं तो टाकायचा. यार्डातून आला की जेवायच्या आधी टाकत बसायचा. माझ्याही फोनवर त्यानंच घालून दिलं. म्हणाला, "काकी, वाचता येत नसलं तरी फोटो बघा." मी बघायची. बाकी कुत्रं बघत नव्हतं. शाळेच्या गळक्या छपराचा फोटो टाकला तर पोरगं बिचारं दिवसभर फोन उघडून बघायचं, आणि खाली दोन अंगठे. त्यातला एक माझा.

मग आमच्या गावचे जुने गुरुजी वारले. रणजीतनं त्यांचा फोटो टाकला, हार घातलेली चौकट काढली, खाली लिहिलं, माती किती वाजता, सावडणं कधी. माती म्हणजे अंत्यविधी. मुंबईकरांना तेवढंच हवं असतं, पोचता येईल का नाही ते बघायला. बाई गं! जो तो पुढं पाठवायला लागला. सुरतेची माणसं आली, पुण्याची आली, कतारला गेलेली पोरं आली. ज्यांना शाळेचं छप्पर दिसलं नव्हतं त्यांना गुरुजी बरोबर दिसले. त्या दिवसापासून 'गावकी' धावायला लागली. सकाळी चहा ठेवला की बाया फोन उघडणार, "बघू, आज कोण गेलं." यात्रेचं टाकलं तर कुणी बघेना, लग्नाचं टाकलं तर दहा जण, आणि मेलं कुणी की झुंबड. आमचीच माणसं ही. मी कुणाला नावं ठेवू?

पण रणजीतनं एक नियम ठेवला होता. घरचं माणूस उंबऱ्यात पोचल्याशिवाय फोटो टाकायचा नाही. गावोगाव त्यानं एकेक पोरगा वार्ता द्यायला नेमला होता. तो आधी रणजीतला कळवायचा. रणजीत विचारायचा, "लेक पोचली का? भाऊ पोचला का?" पोचले म्हटल्यावरच बटण दाबायचा.

एवढं सगळं चालायला लागल्यावर तळवलीचा तेजस आला. इथल्या मूळच्या गावातला, बापाच्या चार इमारती भाड्यानं दिलेल्या. पोरगा वाईट नव्हता, आला की माझ्या पाया पडायचा. त्यानं नेरूळला ऑफिस घेऊन दिलं, काचेचा दरवाजा, आत थंडगार. रणजीतनं यार्ड सोडलं. आम्ही सगळे पेढे खाऊन आलो. आमचे मालक तर खुर्चीत बसून गोल फिरून आले.

आणि वर्षाच्या आत दुसरं एक पेज निघालं. त्यांना कसला नियम नि कसलं काय. माणसानं डोळे मिटले रे मिटले की फोटो टाकून मोकळे. लोक तिकडं वळायला लागले. तेजसनं रणजीतला समोर बसवलं आणि सांगितलं, "दादा, आपन मागं रेलो तर कोन बघनार? ज्याचा पयला, त्याचं लोक." गावोगावच्या पोरांनी विचारत बसायचं नाही, थेट टाकायचं. हे मला रणजीतनंच नंतर सांगितलं. "मी नाही म्हणालो नाही, काकी. मान हलवली." एवढंच बोलला. मान हलवली म्हणे! ती मान तेव्हा कुणी धरून ठेवली असती तर बरं झालं असतं.

आमचे मालक घराची कौलं परतायला गावी गेले होते. मंगळवारी सकाळी मी लसूण सोलत बसले होते, तर रणजीत दारात. ऑफिसला न जाता इकडं कसा, असं मनात आलंच. "काकी, काकांच्या छातीत दुखतंय म्हणे. कराडला नेलंय. सिरियस आहेत, निघू या." मी त्याच्या तोंडाकडं बघितलं. त्या तोंडावर काही नव्हतं. मी लसणाची टोपली बाजूला सारली आणि लुगडं बदललं.

गाडीत माझा मुलगा पुढं बसला, मी मधे, एका बाजूला सून सुनयना, दुसऱ्या बाजूला रणजीत. मुलाला नि सुनेला ठाऊक होतं, आता मला कळतंय. रणजीतनं त्यांचे फोन बंद करायला लावले होते. ड्रायव्हरचा रेडिओ बंद केला होता. सगळं ध्यानात ठेवलं लेकानं. माझा फोन तेवढा राहिला. म्हातारीच्या पिशवीत फोन असतो, हे कुणाच्या डोक्यात येतं?

मी काय करत होते, सांगू? मी मनातल्या मनात मालकांशी भांडत होते. सांगितलं होतं कौलांवर चढू नका म्हणून. आता कराडहून घरी आणलं की दोन महिने पायरी उतरू देणार नाही, असं सगळं ठरवत होते. बरं वाटत होतं भांडताना.

खंबाटकी चढून गाडी वर आली, रेंज आली, आणि पिशवीत फोन वाजला. मला वाटलं मालकांचा. मी काढला. हार घातलेली चौकट, आणि आत आमचे मालक. नेरूळच्या ऑफिसात खुर्चीत बसलेले, हसतायत. रणजीतनंच काढून 'गावकी'वर टाकला होता तो फोटो, पेढ्यांच्या दिवशी.

"रणजीत, हे काय आहे?"

इतक्या लोकांना इतकं सांगितलेलं पोरगं, ते नुसतं माझ्या हातातला फोन ओढायला लागलं. मी गाडीतच हंबरडा फोडला. सुरूरच्या फाट्याला एका हॉटेलापुढं गाडी थांबवली. मी तिथं मातीत बसून छाती बडवली. लोक वडापाव खात बघत होते. एक पोरगा पाण्याची बाटली घेऊन आला आणि विचारतो, "आजी, उलटी होतीय का?"

गावात पोचले तेव्हा डोळ्यांत थेंब नव्हता. दारात बायका बसल्या होत्या, मला बघून त्यांनी गळा काढला, माझ्या गळ्यात पडल्या. त्यांच्याबरोबर रडायचं, त्यासाठीच तर त्या बसलेल्या असतात. मला रडू येईना. मोठी जाऊ चांगुणाबाई मागं म्हणाली, "बया, ही तर दगड झालीया." अजून गावात तेच बोलतात. बाळाबाईचा नवरा गेला नि बाळाबाई रडली न्हाय.

पोपट म्हणून आमच्या गावचा पोरगा, त्यानं टाकला होता फोटो. रणजीतनं त्याला फोन करून थांबवलं नव्हतं; आपलंच माणूस आहे, पोपट थांबेल, असं धरून चालला. पोपट म्हणाला, "दादा, तुमीच सांगितलं व्हतं, इचारत बसू नको." त्याचं तरी काय चुकलं?

तेराव्याला रणजीत माझ्यापुढं येऊन बसला. मी त्याला नाही नाही ते बोलले. "साऱ्या जगाला तू हाताला धरून सांगितलंस, आणि मला यंत्राकडून? माझा नवरा मेला हे कोपरखैरण्याच्या भाजीवाल्याला माझ्या आधी कळलं! मला तू सांगायचं होतंस रे मुडद्या!" तो रडला. मला दया आली नाही.

लोकही खवळले. 'गावकी'वर शिव्यांचा पाऊस पडला. काकींची क्षमा मागा, नियम कुठं गेला, लाज वाटत नाही का. रणजीतनं तेजसशी भांडून नियम परत आणला. घरचे पोचल्याशिवाय फोटो नाही. तेजस म्हणाला, "दादा, बुडनार हाव आपन." रणजीत म्हणाला, "बुडू दे."

आणि बुडाली. शिव्या देणारेच आधी गेले. "तिकडं उशिरा येतं," म्हणायचे आणि दुसरं पेज बघायचे. माझ्या तोंडावर हळहळायचे, आणि घरी जाऊन तेच. वर्ष गेलं नाही तोवर नेरूळच्या काचेमागं मोबाईलची कव्हरं लटकायला लागली. तेजसचं काय बिघडलं नाही, त्याच्या इमारती उभ्या आहेत. रणजीत परत यार्डात गेला, पहिल्यापेक्षा खालच्या जागेवर. आणि आता त्याला बोलवायला कुणी येत नाही. कशाला येतील? गावात माणसानं डोळे मिटले की घणसोलीत घराघरात फोन वाजतात. पोरीला बापाचं बसस्टॉपवर कळतं. सांगायला माणूस लागतोच कुठं?

गेल्या महिन्यात माझा धाकटा भाऊ नामा गेला. भाकरी थापत होते. सुनयनाचा फोन वाजला, तिनं बघितलं आणि तोंडावर हात ठेवला. मी मान वळवली तर चौकट दिसली. नामाच होता. मी तव्यावरची भाकरी उलटली. काय करावं सुचेना.

तेवढ्यात दारात रणजीत. यार्डातूनच आलेला, अंगावर ते पिवळं जाकीट तसंच. केस किती पिकलेत त्याचे, तेव्हा नीट बघितलं मी. खाली गाडी उभी करून आला होता. सुनयनानं फोन पाठीमागं नेला.

"काकी," आवाज तसाच, चढवलेला नाही, पाडलेला नाही, "नामामामांना ताप आहे. उतरत नाही म्हणतायत. कराडला ॲडमिट केलंय. सिरियस आहेत, निघू या."

दोन वर्षं मी या पोराशी धड बोलले नव्हते. वाटलं, सांगावं तोंडावर, उशीर झाला बाबा, तुझ्या आधी आलं. त्याच्याकडं बघितलं आणि गॅस बंद केला.

"अगं बाई! कधीपासून आहे ताप?"

"परवापासून."

"मग कांबळं घेते. दवाखान्यात थंडी सोसत नाही त्याला."

"घ्या, घ्या. लागेल."

मी नामासाठी कांबळं काढलं, झटकलं, घडी घातली. गाडीत ते मांडीवर घेऊन बसले. रणजीत शेजारी बसला, मधेच फोन कानाला लावून म्हणाला, "सलाईन लावली का?" मी विचारलं, "काय म्हणतायत?" तो म्हणाला, "लावलीय, काकी." गावापर्यंत तो मला नामाच्या तब्येतीचं सांगत राहिला, आणि मी विचारत राहिले.