पदक मला, परतीचं विमान त्याला

दिवेआगरहून निघालो त्या सकाळी एसटी सुटेपर्यंत आई एकच सांगत होती, "पोट मारू नको रे." दुसऱ्याच्या सुपारीच्या वाडीत राबणाऱ्या माणसाचा मुलगा पदवी घेऊन जहाजावर अधिकारी होणार, एवढंच बाबांना पुष्कळ होतं.

उत्तरेकडच्या ज्या थंड देशात मी पुढे स्थायिक झालो, त्या देशाने मला पासपोर्ट दिला, मुलीला शाळा दिली. ते उपकार मी मानतो. म्हणूनच हे लिहिताना तोंड कडू होतं.

मागच्या हिवाळ्यात आमच्या जहाजासमोर माणसांनी खचाखच भरलेली रबरी बोट उलटली. कमरेला दोर बांधून मी पाण्यात उतरलो. हाती लागलेल्यांत इद्रिस नावाचा एकजण होता. डेकवर घेतल्यावरही त्याने माझी कॉलर सोडली नाही. बंदरात पोलिसांची बस तयारच होती.

फोनवर हे ऐकून आईने विचारलं, "पेज दिलीस का त्याला?"

"न्हाय गं. लगेच नेलं त्यांना."

"नेलं? उपाशी?"

आमच्या किनाऱ्यावर एकदा होडी उलटली, तेव्हा तिने परक्या गावच्या माणसांपुढे आधी पेज ठेवली होती. नावं नंतर विचारली.

मला शौर्यपदक जाहीर झालं, त्याच सुमारास इद्रिसचा आश्रयाचा अर्ज फेटाळला गेला. पदक देणाऱ्या मंत्रीणबाईंना थेट विनंती करायची, असं ठरवून मी समारंभाला गेलो. कोळंबी, वाइन, सगळं होतं. "तुमच्यासारखी माणसं आम्हाला हवीत," बाई म्हणाल्या. मी म्हणालो, "मग इद्रिसलाही ठेवून घ्या." "आज तुमचा दिवस आहे," असं हसून म्हणत त्या कॅमेऱ्याकडे वळल्या. त्यांनी दाबलेला हात मी घरी येऊन साबणाने धुतला. पुढच्याच आठवड्यात इद्रिसला विमानात बसवून परत पाठवलं.

गावच्या ग्रुपवर माझा फोटो फिरत होता, "आपला वाघ!" मी तिथे इद्रिसबद्दल लिहिलं. शाळेत माझ्या बाकावर बसणाऱ्या दिन्याने उत्तर दिलं, "बरं झालं घालवला. भावा, माणूस बघून उडी मारायची ना!" खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. त्यात पोटासाठी आखातात गेलेलेही होते. मंत्रीणबाईंपेक्षा मला या आपल्याच लोकांची किळस जास्त आली. त्यांचं हसणं मला शब्दाशब्दाला कळत होतं.

आई एवढंच म्हणाली, "मंग त्याला आपल्याकडं का न्हाय धाडलास?"

घर कुठलं, असं कुणी विचारलं तर मी आजही दोन पत्ते सांगतो. इद्रिसला त्यातला एकही देता आला नसता.