अंबाडीच्या जॅमवरचं तूप

होणाऱ्या जावयाच्या आईला मी मेणबत्ती खाऊ घातली आहे. अख्खी नाही, तुकडाच. पण गरम पोळीवर आणि घरच्या कौतुकासकट!

झालं असं, की मागच्या हिवाळ्यात आमच्या अंबाडीच्या जॅमला बुरशी आली. लाल बोंडं सोलून बायकोच्या बोटांची सालं निघाली होती आणि बाटल्या ओल्याच भरणारा महापुरुष मी होतो. वर्षभर बोलणी खाल्ली. म्हणून यंदा इरेला पेटलो. फोनवर एक व्हिडिओ पाहिला. बाटल्या पाण्यात खळखळा उकळल्या, कोरड्या केल्या, जॅम गरम असतानाच भरला आणि वरून मेण वितळवून थर ओतला. (मेण लाइट गेल्यावर लावायच्या मेणबत्त्यांचं. व्हिडिओतली बाई वेगळं काहीतरी सांगत होती, पण तेवढ्यात माझा नेट पॅक संपला.) थर असा बसला की हवेची काय टाप होती आत शिरायची! उघडताना तो काढून फेकायचा असतो, एवढं बायकोला सांगायचं राहून गेलं. खरं म्हणजे मुद्दामच सांगितलं नव्हतं. तिनं मला वेड्यात काढलं असतं.

आणि साखरखेर्ड्याहून पाहुणे चिखलीला आमच्या घरी आले. आमची श्वेता आणि त्यांचा निखिल इथंच एका ऑफिसात. दोघं एकमेकांना पसंत करून मोकळे! राहिले होते निखिलची आई आणि मामा. त्यातही मामा म्हणजे कडक माणूस, त्यांनी मान हलवली तरच लग्न. श्वेता सकाळपासून माझ्या मागं लागली होती. "बाबा, आज तुमी काही उपद्व्याप करू नका. मले याच घरी जायचं हाय."

मी कशाला करतोय! मुकाट्यानं जेवायला बसलो. इतक्यात बायको जॅमची बाटली घेऊन बाहेर आली, सुरीनं वरचा पांढरा थर कापला आणि त्याचा एकेक तुकडा मामांच्या, निखिलच्या आणि त्याच्या आईच्या पोळीवर ठेवला.

"घ्या न ताई. अंबाडीचा जॅम, अन् वर घरचं तूप!"

मी हातातला घास ताटात ठेवला. थंडीत तूप थिजतं. बायकोला वाटलं, नवऱ्याला एकदाची अक्कल आली, त्यानं जॅमवर तूप ओतलं! मी डोळ्यांनी खुणा केल्या. ती सगळ्यांसमोर म्हणाली, "डोळ्यात काही गेलं का हो तुमच्या?"

मामांनी आपल्या पोळीवरचा तुकडा बोटानं दाबून पाहिला. "वितळून नाई राह्यलं."

"थंडीच तशी पडून राह्यली बाप्पा यंदा!" बायको म्हणाली.

मामांनी तुकडा तोंडात टाकला. चावला. चावतच राहिले! निखिलची आई डोळे मिटून गिळत होती. निखिल मुंडी खाली घालून परीक्षेला बसल्यासारखा खात होता. मला दरदरून घाम फुटला. सांगावं तर लग्न मोडतं, न सांगावं तर पाहुण्यांच्या पोटात काय होईल देव जाणे! हात धुवायच्या निमित्तानं मोरीत पळालो आणि फोनवर विचारलं, मेण खाल्लं तर काय होतं. पडद्यावर चकरी फिरतच राहिली. आमच्या मोरीत रेंज येत नाही.

परत येतो तर बायको दुसऱ्या वाढीला उभी! "घ्या न मामा, लाजता काऊन?" आणि मामा बिचारे ताटावर आडवे हात धरून बसलेले.

"थांब व!" मी ओरडलो. "ते तूप नाई! मेणबत्ती हाय!"

श्वेताचा चेहरा पांढराफटक पडला. एकुलती एक पोर, आणि तिच्या बापानंच तिच्या सोयरिकीवर पाणी ओतलं.

मामा सावकाश पाणी प्यायले. "आधी काऊन नाई सांगितलं?"

"पण तुमी काऊन खाल्ली?" माझ्या तोंडून निघून गेलं. (जीभ कुठं ताब्यात असते माझी!)

निखिलची आई म्हणाली, "काय करता भाऊ! या पोरानं गाडीत बजावलं, जे वाढतील ते मुकाट खायचं, नावं ठेवायची नाई, मले श्वेताशीच लग्न करायचं हाय. मले वाटलं, चिखलीचं तूप असंच असत असन!"

निखिलचे कान लाल झाले. श्वेता ओढणी तोंडात धरून हसायला लागली. बायको हसली, निखिलची आई हसली. मामा मात्र हसले नाहीत.

"पोरगी पसंत हाय," ते म्हणाले. "पण माही एक अट हाय."

अट म्हटल्यावर पोरीचा बाप मनात हिशोबच मांडायला लागतो. गाडी मागतात की प्लॉट?

"लग्नाच्या दिवशी तुमी आचाऱ्याकडं फिरकायचं नाई."

आता मी घरचा कर्ता पुरुष. असा अपमान ऐकून चार शब्द सुनवावे म्हणून घसा खाकरला, तोच पाठीमागून दोन आवाज एकदमच आले, "मंजूर!"

एक बायकोचा होता. दुसरा आमच्या लाडक्या लेकीचा.