बदललेला शेवट

माझं एकच पुस्तक छापलं गेलं. नऊ गोष्टी, सगळ्या विज्ञानाच्या कल्पनांवर रचलेल्या. चंद्रावरची शेती, समुद्राखालचं गाव, असल्या. आज त्याची एकही प्रत मी घरात ठेवलेली नाही.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. आमचं घर नरपडला, चिकूच्या वाडीत. पण मी तलासरीच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचो आणि आठवडाभर तिथेच खोली घेऊन राहायचो. हमरस्त्यापासून आत असलेल्या एका पाड्यावरून सातवीत एक मुलगी यायची. त्या पाड्यावरून इतकी शिकलेली ती पहिलीच. मी लिहिलेली गोष्ट वर्गात वाचून दाखवली की दुसऱ्या दिवशी ती त्यातली चूक काढून आणायची. चंद्रावर पाणी नाही असं तुम्हीच शिकवलंत, मग तिथे भात कसा लावला, असं तिने मला विचारलं होतं. मी ती गोष्ट पुन्हा लिहिली.

आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत शेतात तिला साप चावला. बापाने आणि शेजाऱ्यांनी तिला चादरीच्या झोळीत घालून हमरस्त्यावर आणलं. दोन ट्रक थांबले नाहीत, तिसरा थांबला. डहाणूच्या वाटेवर चारोटीला पोचेपर्यंत ती गेली होती. तिथूनच त्यांनी तिला परत नेलं. सापाच्या विषावरचं इंजेक्शन त्या दिवशी डहाणूच्या दवाखान्यात होतं, हे मला नंतर कळलं.

मला दुसरं काही करता येत नव्हतं म्हणून मी नववी गोष्ट लिहिली. तिच्यात प्रत्येक पाड्यावर एक खांब आहे. खांबावरची कळ दाबली की दूरच्या शहरातून एक उडतं यंत्र औषध घेऊन निघतं. मुलीला साप चावतो, बाप कळ दाबतो, यंत्र येतं. पण येईपर्यंत मुलगी गेलेली असते. यंत्र अंगणात उभं राहतं आणि त्याला पुढे काय करायचं ते ठाऊक नसतं.

मुंबईच्या प्रकाशकाला बाकी आठ गोष्टी पसंत पडल्या. नववीबद्दल त्याने कळवलं की वाचकाला विज्ञानातून उमेद मिळायला हवी, शेवट बदललात तर पुस्तक लगेच घेतो. मी एका दुपारी बसून शेवट बदलला. यंत्र वेळेवर आलं, मुलगी उठून बसली. लिहिताना मला बरंही वाटलं, हे कबूल करायला हवं.

पुस्तक आलं. एका मासिकाने त्याच गोष्टीचं कौतुक केलं. मला वाटलं, तिच्या आईबापांना ती वाचून दाखवावी, तेवढाच तिचा मान. आम्ही वाडीवाले पाड्यावरच्या माणसांना सर्रास अरे-तुरे करायचो; शाळेत लागल्यापासून मी ती सवय सोडली होती आणि त्याचा मला थोडा अभिमानही होता. त्याच अभिमानाने मी त्यांच्या अंगणात बसून वाचलं. अवघड शब्द सोपे करून सांगितले.

वाचून झाल्यावर आईने विचारलं, "मंग ती बरी झाली?"

"गोष्टीत झाली," मी म्हणालो.

बापाने पुस्तक माझ्या हातातून घेतलं. मग म्हणाला, "गुरुजी, असं यंत्र होतं, तं आमाला कुनी सांगितलं नाय."

असं यंत्र कुठेच नाही, हे मी मनाने रचलेलं आहे, असं मी परोपरीने समजावलं. त्याने छापलेल्या ओळींवरून बोट फिरवलं आणि मान हलवली. मला वाटलं, त्याला पटलं.

पंधरा दिवसांनी शाळेतले एक शिक्षक चहा पिताना हसत हसत सांगायला लागले. डहाणूच्या दवाखान्यात म्हणे कुणी बाई पाड्यावरून चालत आली आणि औषध घेऊन उडणारं यंत्र आमच्याकडे कधी लावणार म्हणून विचारत बसली. कंपाउंडरने चार माणसं गोळा करून तिला तेच पुन्हा पुन्हा विचारायला लावलं. सगळे हसले. ती बाई कोण आणि ते यंत्र कुणाचं, हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं. मी कप खाली ठेवला आणि काही बोललो नाही. इतकी वर्षं झाली, पण त्या हसण्यापेक्षा माझं ते गप्प बसणंच मला जास्त छळतं.

रविवारी मी पाड्यावर गेलो. आई आत होती, ती बाहेर आली नाही. मी बापाला म्हणालो, चूक माझी आहे, मला माफ करा. त्याने मला बसायला खाट दिली, पाणी दिलं. रागाचा एक शब्द नाही. मग त्याने सांगितलं की धाकट्या मुलीला उद्यापासून शाळेत पाठवणार नाही. धाकटी तिसरीत होती.

मी म्हणालो, माझ्या पुस्तकाची शिक्षा तिला कशाला?

तो म्हणाला, "तुमचं पुस्तक खोटं. मंग शाळंतली पुस्तकं खरी, ह्ये आमी कसं वळखायचं?"

मी शास्त्र शिकवणारा माणूस. प्रयोग, पुरावा, पडताळा, हे शब्द मी रोज फळ्यावर लिहीत होतो. त्यातला एकही मला त्या अंगणात उच्चारता आला नाही. शेवट बदलला नसता तर, एवढंच डोक्यात फिरत राहिलं. पण खरा शेवटसुद्धा मी त्यांना कोणत्या तोंडाने वाचून दाखवणार होतो?

प्रकाशकाने दुसऱ्या संग्रहाबद्दल विचारलं, मी उत्तर दिलं नाही. मी बदली मागून घेतली आणि पुढे कधी गोष्ट लिहिली नाही. दोन-तीन वर्षांनी घोलवडच्या एका वाडीत चिकू निवडणाऱ्या बायकांच्या ओळीत मला धाकटी दिसली. मी जवळ जाऊन विचारलं, ओळखलंस का? तिने मान वर केली, हो म्हणाली आणि पुन्हा हातातल्या चिकूंकडे वळली.