रिकाम्या गल्लीतले दिवे

करंजाच्या तेलाचा वास आला, की मला तुळजापूरची चढावरची गोंधळ्यांची गल्ली आठवते. निजामी राजवटीचं ते शेवटचं वर्ष होतं आणि मी गावातल्या शाळेत मास्तर होतो. लुटालुटीच्या भीतीनं सारी गल्ली हद्दीपलीकडे बार्शीला निघून गेली होती. संस्थानात पूर्ण शांतता आहे, असा जाहीरनामा चावडीवर लागला होता आणि तो खराच होता, कारण गल्लीत बोलायला कुणी उरलंच नव्हतं. मागं राहिलेला एक म्हातारा गोंधळी रोज दिवेलागणीला घरोघर दिवे लावत फिरे, म्हणजे लुटारूंना घरं भरलेली वाटावीत. एका संध्याकाळी करंजाच्या तेलाचं भांडं धरून मीही त्याच्याबरोबर चढ चढलो. दारांवर गेरूनं काढलेले मोर अंधारत चालले होते. प्रत्येक घरात तो दिवा लावी, घाईत मागं राहिलेलं संबळ खुंटीवरून काढून दोन-चार ठोके वाजवी आणि दाराशी येऊन मोठ्यानं विचारी, "वैनी, जेवणं झाली का?" शेवटच्या घरात मात्र त्यानं "अगं, भाकरी झाली का?" अशी हाक दिली आणि तो उत्तरासाठी थांबला. मी म्हणालो, "मामा, आत कुणी नाही." "ठावं हाय, मास्तर. हळू बोला. हे माझं घर हाय." पुढं माणसं परतली, घरं शाबूत होती. मी मात्र अजूनही, संध्याकाळी एखाद्या घरात दिवा दिसला तरी आत माणसं असतील, असं धरून चालत नाही.