तीन भावांची एक विहीर आणि शेख मॅडम

शेख मॅडमची आणि माझी पहिली गाठ शिरूरच्या कॉलेजात, रसायनशास्त्राच्या प्रॅक्टिकलला पडली. मी तळेगाव ढमढेऱ्याहून जीपमध्ये दाटीवाटीने बसून येत असे. आल्या आल्या मॅडमनी विचारले, "सकाळी कुठलं पाणी पिऊन आलीस?" मी म्हटले, "विहिरीचं." "मग त्यात काय काय आहे?" मला वाटले, चेष्टा करताहेत. दुसऱ्या दिवशी त्यांनी बाटली भरून आणायला लावली. पाण्यातले क्षार मोजायला मी शिकले ते आमच्याच विहिरीच्या पाण्यावर.

डॉ. रशिदा शेख आता साठ वर्षांच्या झाल्या आणि निवृत्तही झाल्या. त्यांच्या या गौरवग्रंथासाठी लेख मागताना गौरव समितीच्या अध्यक्षांनी मला फोनवर बजावले, "ताई, चांगलं-चांगलं लिहा. जुनं काही उकरू नका." मॅडमविषयी चांगले लिहायचे तर जुने उकरावेच लागते, त्याला माझा इलाज नाही.

उसाला भरमसाट पाणी देऊन आपल्याकडे जमिनी कुठे कुठे खारावत चालल्या आहेत, हा मॅडमचा विषय. विद्यार्थ्यांनी गावोगावच्या विहिरींचे पाणी तपासायचे, आकडा आधी मालकाला सांगायचा आणि मग कॉलेजच्या वेबसाईटवर सगळ्यांसाठी खुला ठेवायचा. मॅडमच्या प्रत्येक शोधनिबंधाखाली या नोंदींची लिंक असे. तो निबंध वर्गात शिकवताना त्या मूळ आकडे पडद्यावर लावत आणि म्हणत, "माझा निष्कर्ष बरोबर आहे का, तुम्ही काढून बघा." स्वतःचे लेखन विद्यार्थ्यांपुढे असे तपासायला टाकणारे प्राध्यापक मी दुसरे पाहिले नाहीत. बहुतेकांचे आकडे कॉलेजच्या कपाटात असतात आणि किल्ली घरी.

या पद्धतीनेच मॅडमचा घात केला, असे लोक म्हणतात. मी म्हणते, घात लोकांनी केला. झाले ते असे. भीमेकाठी वडगाव रासाईला तिघा भावांची एक सामाईक विहीर आहे. पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. आमच्या कॉलेजची मुले वेगवेगळ्या वेळी गेली आणि मोटरीपाशी जो भाऊ भेटला त्याला विचारले, "विहीर कुणाची?" ज्याची पाळी तो म्हणाला, "माझी." खोटे कुणीच बोलले नाही, पण एका विहिरीच्या तीन विहिरी झाल्या. त्यात ती नेमकी सगळ्यांत खारट. गावचे पाणी होते त्याहून वाईट दिसले आणि निबंध तसाच छापून आला.

पुढच्या वर्षी वर्गात तोच निबंध चालू असताना त्या घरातली मुलगी उभी राहिली. "मॅडम, ही तिन्ही नावं आमच्याच घरातली हायती. माझे वडील आन् दोन चुलते. विहीर एकच हाय." मॅडम बक्षीस लागल्यासारख्या खूश झाल्या. "अगं, मग आत्ता सांगतेस होय! ये, पुढं ये." तिला शेजारी बसवून त्यांनी सारे गणित पुन्हा मांडले आणि नियतकालिकाला चूक कळवली. दुरुस्ती छापून आली ती त्या मुलीच्या नावासह. वेबसाईटवरचा जुना तक्ताही त्यांनी पुसला नाही. त्याखाली नवा लावला आणि चूक कशी झाली ते लिहिले.

प्राचार्यपदाच्या मुलाखतीत हीच दुरुस्ती मॅडमपुढे नाचवण्यात आली. "चुकल्याचं तुम्ही स्वतःच छापून आणलंय," असे एक सदस्य म्हणाले. पद दुसऱ्या सरांना मिळाले. त्या सरांनी मॅडमचा वरचा, म्हणजे चुकीचा, तक्ता उचलून त्यांचे नावही न घेता आपला निबंध केला होता. खाली पाहायचे कष्टही घेतले नाहीत. त्यांच्या निबंधात आजही वडगावला तीन विहिरी आहेत. खुले ठेवलेले कुणीही घ्यावे, त्यासाठीच ते खुले असते. पण घेताना ज्याचे त्याचे नाव सांगावे, एवढी तरी रीत पाळायची. तेच सर आज या समितीचे अध्यक्ष आहेत. लेख कापायचा असेल तर त्यांनी माझ्या नावासकट कापावा.

मॅडमच्या मायेविषयी एकच सांगते. बीएस्सीनंतर मला कुरकुंभच्या एका कंपनीत नोकरी मिळत होती आणि वडिलांनी पुढचे शिक्षण थांबवले. मॅडम बाजारच्या दिवशी गर्दीतून वाट काढत घरी आल्या. वडील म्हणाले, "मॅडम, आलेली नोकरी सोडायची व्हय?" मॅडम आमच्याच बोलीत म्हणाल्या, "आप्पा, कंपनी कुठं पळून चालली न्हाई. पोरगी मातूर एकदा थांबली म्हंजी थांबली." आज मी दौंडला शिकवते ती त्या एका वाक्यामुळे.

मॅडम निवृत्त झाल्या आणि कॉलेजची वेबसाईट नवी झाली. प्राचार्यांचा फोटो मोठा आला, विहिरींच्या नोंदी गेल्या. मॅडमच्या निबंधाखालची लिंक दाबली की 'पान सापडत नाही' असे येते. माझ्या वर्गात ते आले तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, म्हंजी हे खरं कशावरनं?" मी वर्गातूनच मॅडमना फोन लावला.

सत्काराला काय हवे, असे समितीने विचारले तेव्हा मॅडम म्हणाल्या, "शाल नको. नोंदी परत लावा." "आधी कार्यक्रम होऊ द्या, मग बघू," असे उत्तर मिळाले. शाल मात्र खरेदी झाली आहे.

आता कुणाला ते आकडे हवे असतील तर मॅडमनाच फोन करावा लागतो. त्या घरच्या कॉम्प्युटरवरून पाठवतात, मागणारा कोण हेही विचारत नाहीत. एका संस्थेचे काम आपण साठीच्या बाईंच्या तब्येतीवर टाकले आहे आणि वर त्यांचा गौरव करायला जमलो आहोत. मॅडम, गुडघ्याचे औषध वेळेवर घ्या, डोळ्यांना जपा. तुम्हाला ठणठणीत प्रकृती आणि उदंड आयुष्य लाभो, हे मी अगदी मनापासून मागते. आम्हाला लाज वाटेपर्यंत तरी तुम्हाला जगावेच लागेल, आणि आमची एकंदर चाल पाहता तुम्ही शंभरी सहज गाठाल.