आईकडे ठेवलेला नंबर

सुट्टीवर आलो की पहिले काही दिवस मला घरात बसवत नाही. ओटीवर जातो, आत येतो, काही नको असताना फ्रिज उघडतो. या वेळी आई म्हणाली, "बस की रे जरा. तिकडे पण असाच फिरतोस ऑफिसात?"

तिकडे म्हणजे मस्कतला. एका गोदामाचा हिशेब मी बघतो. बायको-मुलं तिथेच माझ्याबरोबर. आई इथे, दिघीच्या अलीकडे, खाडीच्या उतारावर वसलेल्या आमच्या गावात एकटी. मला तिला एक गोष्ट सांगायची होती, ती सांगता येत नव्हती, म्हणून मी फिरत होतो. सरळ बोलणं मला कधी जमलं नाही. लिहिताना तरी जमवतो.

गोष्ट तिच्याकडच्या फोनची आहे; त्यावरचा बँकेचा नंबर या सुट्टीत तरी बदलून घ्यायचा होता. परदेशी नोकरीला गेलं की इथलं साधं बचत खातं तसंच चालवायचं नसतं. बँकेला कळवायचं, खातं अनिवासी करून घ्यायचं, तिकडचा पत्ता आणि नंबर द्यायचा. हे मला विमानात बसायच्या आधीपासून ठाऊक होतं. पण आमच्याकडून आखातात गेलेल्या बऱ्याच जणांनी केलं तेच मी केलं. खातं तसंच ठेवलं आणि खात्याला जोडलेलं सिम आईच्या हातात दिलं. विम्याचा हप्ता, घराचं वीजबिल, मुदत ठेव, तिकडून काहीही करायचं झालं की ओटीपी तिच्या फोनवर येणार आणि ती मला वाचून दाखवणार. रोमिंगवर सिम तिकडेही चाललं असतं, पण एकदा मेसेज आलाच नाही. त्यापेक्षा हे सोपं. म्हणजे मला सोपं.

दर सुट्टीत बँकेत जायचं ठरवायचो आणि जायचो नाही. इतकी वर्षं का सांगितलं नाही, असं कोणी विचारलं तर?

आई बालवाडीची शिक्षिका होती. समोर मुलं बसल्यासारखी ती आकडे वाचायची. "चार. लिहिलास? मग शून्य." मी खेकसायचो, "आई, लवकर, वेळ संपते." तरी आकड्यांच्या आधी ती एक वाक्य वाचायचीच, "हा क्रमांक कोणालाही सांगू नका," आणि वर म्हणायची, "आता तू कोणी नाहीस म्हणून सांगते." सुरुवातीला मी हसायचो. पुढे पुढे नुसतं "हं, सांग" म्हणायला लागलो.

या वेळी मी आलो ते वर्षावासाच्या दिवसांत. पावसाळ्याच्या या महिन्यांत आमच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं, आणि वाचायचं काम आईचं. बालवाडीची नोकरी सुटल्यावर गावात तिचा मान राहिला तो त्या आवाजामुळे. पण संध्याकाळ झाली तरी ती उठेना.

"वाचनाला नाही जायचं?"

"डोळे दुखतात."

दुपारीच तिने माझ्यासमोर, चष्मा न लावता, सुईत दोरा ओवला होता. एकटाच विहारात गेलो. कोणी दुसरीच बाई अडखळत वाचत होती, मागच्या बायका जांभया देत होत्या. वाचन संपल्यावर आमची शेजारीण छत्री उघडता उघडता म्हणाली, "तुमच्या बँकेनं आमच्या बाईंना नेलं बघा."

मला कळेना. तिने समजावून सांगितलं. विहार खाली खाडीच्या अंगाला, तिथे रेंज नाही. रेंज वर, आमच्या घराजवळच्या पाण्याच्या टाकीपाशी. "वाचता वाचता उठायच्या नि चढावर पळायच्या, लेकाचा मेसेज आला का बघाया. आमी म्हनायचो, बाई, बँक उघडली वाटतं! त्या पन हसायच्या. मंग एक दिवस म्हनाल्या, मधी उठलं की बरं न्हाय दिसत, दुसरं कोनी वाचा."

चढ चढून घरी येताना मला ऑफिस सुटायची वेळ आठवली. ऑफिस सुटलं की मी बँकेची कामं काढून बसायचो. तिथलं घड्याळ इथल्याहून मागे, म्हणजे इथे तीच वाचनाची वेळ. एकदा तिचा फोन लागला नव्हता आणि हप्ता चुकला होता. नंतर लागला तेव्हा मी ओरडलो होतो, "कुठे होतीस? फोन जवळ ठेवायला किती वेळा सांगायचं?" ती म्हणाली होती, "चुकलं रे." कुठे होती ते तिने सांगितलं नाही. आणि मी तरी कुठे विचारलं होतं? मी फक्त ओरडलो होतो.

दुसऱ्या दिवशी रिक्षाने बोर्लीला गेलो. आईला इतकंच सांगितलं, बँकेत काम आहे.

काउंटरवरच्या मुलीने पासपोर्ट, रेसिडेन्स कार्डाची प्रत, पगाराचं पत्र, सगळं उलटून पाहिलं. "काका, एवढी वर्षं साधंच खातं?" मी मान खाली घातली. ती म्हणाली, "निम्मं गाव असंच येतं. इथे सही करा. इथे पण. तिकडे टॅक्स भरता का? नाही? मग इथे नाही लिहा." ज्या प्रश्नाला मी इतक्या सुट्ट्या भ्यालो होतो, तो एवढाच होता.

मग ती म्हणाली, "नंबर बदलायला जुन्या नंबरावर ओटीपी गेलाय. सांगा."

"तो घरी आहे. आईकडे."

"मग लावा की फोन."

आईने लगेच उचलला. "आलाय मेसेज. तू तर बँकेतच आहेस ना?"

"हो. वाच."

ती मेसेज वाचायला लागली आणि मध्येच थांबली. "ह्यात नंबर बदलायचं लिहिलंय."

"हो. आता मेसेज माझ्या तिकडच्या नंबरावर येतील. तुला फोन घेऊन बसायला नको. तू वाचनाला जा."

"वाचनाचं तुला कोणी सांगितलं?"

"सांगितलं कोणीतरी. आई, आकडे वाच."

मागे रांग होती. कोणाची तरी ओली छत्री माझ्या पायावर गळत होती.

"मग फोन कशाला करशील?" आई म्हणाली.

"करेन ना."

"काय बोलायला?"

रविवारी मुलं व्हिडिओवर तिच्याशी बोलायची, तेव्हा मी मागून हात हलवून जायचो. एरवी केलेला प्रत्येक फोन त्या आकड्यांसाठी होता. हे मला आत्ता कळलं असं म्हणणं खोटं होईल. ठाऊक होतं. तिलाही ठाऊक आहे, एवढं मात्र मी धरलं नव्हतं.

मी फॉर्मवरची माझी सही बघत राहिलो. फोन चालूच होता.

"काका, वेळ संपली," काउंटरवरची मुलगी म्हणाली. "परत पाठवते."

"आई," मी म्हणालो, "काय बोलेन ते मला माहीत नाही. पण तू तिथे बसून राहू नकोस." रांगेतल्या माणसाने माझ्याकडे पाहिलं. मी आवाज खाली आणला नाही. "मी तुझ्यावर ओरडलो होतो, तेव्हा तू विहारात होतीस ना?"

"जुनं झालं ते." मग थोड्या वेळाने, "आला बघ दुसरा."

तिने पहिल्यापासून वाचला, कोणालाही सांगू नका या वाक्यासकट. तिने कितीही वेळ लावला असता तरी मी खेकसणार नव्हतो. पण या वेळी तिने भराभर वाचला.

परत जाताना दिघीहून फेरीबोट धरली. आई जेट्टीपर्यंत आली नाही. संध्याकाळच्या वाचनाची पानं चाळायची आहेत म्हणाली, बऱ्याच दिवसांत वाचलं नाही.

आता ऑफिस सुटलं की मी तिला फोन लावतो. लागत नाही. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. ती कुठे आहे ते मला ठाऊक असतं, तरी परत लावतो, पार्किंगमध्ये गाडीभोवती फेऱ्या मारतो, परत लावतो. मग कधीतरी तिचाच येतो, चढ चढल्यामुळे धापा टाकत.

"काय रे?"

"काही नाही. आज काय वाचलंस?"

"ऐकायचंय, की विचारायचं म्हणून विचारतोस?"

"माहीत नाही."

"बरं," ती म्हणते. "धर मग. आधी दार उघडू दे."

मी फोन कानाला लावून गाडीभोवती फिरत राहतो. तिकडे कुलपात चावी फिरल्याचा आवाज येतो.